आळशी डोळा आणि डोक्यावरचे चुंबक

रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या मुलाचे वय सत्तावीस आहे. उजव्या डोळ्याने त्याला लहानपणापासून अंधुक दिसते. बारा वर्षांचा असताना शाळेत तपासणी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हा आळशी डोळा आहे. आता उशीर झाला. डावा चांगला आहे, त्यावर भागवा." त्याने भागवले. आता कोणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला आहे. डोक्याच्या मागे एक यंत्र धरतात, चिरफाड नाही, सुई नाही, आणि मोठ्या माणसाचा आळशी डोळाही बघू लागतो, असे त्यात सांगितले आहे. चौकशी केल्यावर एका शहरात असा उपचार पॅकेजवर मिळतो असे त्यांना कळले. "मुलाला न्यावे का? एखादा दागिना मोडायची तयारी आहे," असे त्या विचारतात.

याच विषयावर आधीही दोघातिघांनी विचारले होते. त्यांना थोडक्यात कळवले. दागिना मोडण्यापर्यंत गोष्ट आली म्हणून या महिन्याची सगळी जागा या विषयाला देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण जे संशोधन झाले आहे ते वाचून सोपे करून सांगणे हे शिक्षकाचेच काम आहे.

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. दागिना मोडू नका. मात्र त्या व्हिडिओत सगळेच खोटे आहे असेही समजू नका. त्यामागे खरे शास्त्र आहे, चांगल्या विद्यापीठांत त्यावर काम चालू आहे, आणि "आता उशीर झाला" हे जे तुमच्या मुलाला सांगितले गेले, ते तितकेसे अटळ नाही हे त्याच कामातून दिसू लागले आहे. फक्त प्रयोगशाळेत दिसलेली गोष्ट आणि दवाखान्यात विकत मिळणारा इलाज यांत बरेच अंतर असते.

"आळशी डोळा" हे नाव फार वाईट पडले आहे. डोळा आळशी नसतोच. बहुतेक वेळा त्याची बाहुली, भिंग, पडदा सगळे ठीक असते. अडचण मेंदूत असते. वर्गातले उदाहरण घ्या. दोन मुले शेजारी बसली आहेत. एक स्पष्ट बोलतो, दुसऱ्याचे शब्द तोंडातल्या तोंडात राहतात. वर्गात मुले पन्नास, तास पस्तीस मिनिटांचा. मास्तर हळूहळू पहिल्यालाच विचारू लागतात. दोन वर्षांनी दुसरा मुलगा हात वर करणेच सोडून देतो आणि मास्तरही त्याच्याकडे बघायचे विसरतात. मेंदू हेच करतो. लहानपणी एका डोळ्याचे चित्र स्पष्ट आणि दुसऱ्याचे पुसट येऊ लागले, किंवा दोन डोळे दोन दिशांना बघू लागले, तर मेंदू एका डोळ्यावर विसंबतो आणि दुसऱ्याचे चित्र दाबून टाकतो. पुढे उत्तम चष्मा लावला, म्हणजे त्या मुलाचे बोलणे सुधारले, तरी मास्तरांचे लक्ष तिकडे जात नाही.

कारणे मुख्यतः तीन. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, आणि जन्मतः मोतीबिंदू किंवा खाली आलेली पापणी, ज्यामुळे डोळ्यात नीट उजेडच जात नाही. यातले दुसरे कारण सर्वांत फसवे. डोळे दिसायला सरळ आणि सुंदर असतात, मूल एका डोळ्यावर सगळे निभावून नेते, आणि तो डोळा झाकून बघेपर्यंत कोणालाच काही कळत नाही. साधारण शंभरात दोन-तीन मुलांना हा दोष असतो. म्हणजे पाचशे पटसंख्येच्या कोणत्याही शाळेत दहा-पंधरा मुले असणारच.

मोठेपणी काय अडते? वाचन चालते, मोबाईल चालतो. सुईत दोरा ओवताना, उतरत्या जिन्यावर, अंगावर येणारा चेंडू झेलताना, कपात चहा ओतताना अंतराचा अंदाज चुकतो, कारण तो अंदाज दोन्ही डोळ्यांच्या चित्रांची जुळणी होऊन येतो. लष्कर, पोलीस, रेल्वे यांच्या भरतीत प्रत्येक डोळा वेगळा तपासतात, तिथे कित्येक तरुण बाहेर पडतात. अनेकांना आपल्याला हा दोष आहे हे कळते तेच मुळी भरतीच्या रांगेत.

यावरचा जुना इलाज म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी. वर्गातल्या भाषेत, बोलक्या मुलाला थोडा वेळ गप्प बसवणे. या इलाजाचा सर्वांत जुना उल्लेख नवव्या शतकातील साबित इब्न कुर्रा यांच्याकडे जातो, असे या विषयाचे इतिहासकार सांगतात. तिरळ्या माणसाचा चांगला डोळा झाकून ठेवावा, म्हणजे बघण्याची शक्ती दुसऱ्या डोळ्याकडे वळते, असे त्यांचे म्हणणे होते. (साबित बगदादमध्ये नावारूपाला आले, अरबीत लिहीत, पण ते मुसलमान नव्हते, हर्रानच्या साबी पंथाचे होते. आपल्या मासिकांना प्रत्येक अरबी नाव आपल्यात ओढून घ्यायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिले. बगदादने इल्म असलेल्या माणसाला धर्म न विचारता जागा दिली, हीच खरी अभिमानाची गोष्ट.) त्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांनी "किताब अल-मनाझिर" लिहिली. दोन डोळ्यांतून आलेली रूपे आत एकत्र होतात आणि बघणे पूर्ण होते ते मेंदूच्या ठिकाणी, हे त्यांनी त्यात मांडले. आळशी डोळ्याचे सगळे कोडे याच वाक्यात आहे. युरोपात फ्रान्सच्या ब्यूफाँ यांनी १७४३ मध्ये पट्टीचा इलाज सांगितला आणि तिथून तो जगभर गेला.

मग "सात-आठ वर्षांनंतर काही होत नाही" हा नियम आला कुठून? १९६० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. नंतर उघडली तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या केंद्रात त्याला जवळजवळ जागाच उरली नव्हती. दुसऱ्या डोळ्याने ती व्यापली होती. मोठ्या मांजराची पापणी तितकेच दिवस शिवली तर असे होत नव्हते. मेंदू घडण्याचा एक ठरावीक काळ असतो, ही गोष्ट त्यातून पक्की झाली. दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. या शोधाने लाखो मुलांचे भले झाले, कारण डॉक्टर लवकर तपासू लागले. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की वयाची रेघ दगडावर कोरल्यासारखी झाली. आठ वर्षांच्या पुढच्याला पट्टी देऊन बघायचीही गरज कोणाला वाटेनाशी झाली.

ती रेघ आता पुसट झाली आहे. अमेरिकेत २००५ मध्ये सात ते सतरा वर्षांच्या ५०७ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात ते बारा वयाच्या मुलांत चष्म्याबरोबर पट्टी आणि इतर उपचार केल्यावर ५३ टक्के मुलांची नजर ठरवलेल्या मापाइतकी सुधारली. नुसत्या चष्म्याने २५ टक्क्यांची. तेरा ते सतरा वयोगटात एकूण फरक पडला नाही, पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते अशा मुलांत ४७ टक्के सुधारली, नुसत्या चष्म्याने २० टक्के. पत्रातल्या मुलाला बारा वर्षांचा असताना "उशीर झाला" सांगितले गेले होते. हे आकडे त्या आईच्या मनाला लागतील हे आम्हाला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण आजही बारा वर्षांची मुले आहेत आणि त्यांना आजही हेच सांगितले जाते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट प्रौढांची. आयुष्यभर एका डोळ्यावर चाललेल्या माणसाचा तो चांगला डोळा अपघाताने किंवा आजाराने गेला, तर काही जणांच्या आळशी डोळ्याची नजर उतारवयातही थोडी वाढलेली डॉक्टरांनी नोंदवली आहे. सगळ्यांची नव्हे, थोड्यांची. पण ती वाढली याचा अर्थ त्या डोळ्याची तार तुटलेली नव्हती. आवाज येत होता, मास्तर ऐकत नव्हते. इथून संशोधकांना प्रश्न पडला: चांगला डोळा न गमावता मास्तरांचे लक्ष वळवता येईल का?

आता त्या यंत्राकडे वळू. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फॅरेडेचा नियम आहे: तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज निर्माण होते. इंग्लंडमधील शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हाच नियम मेंदूवर लावला. डोक्याला टेकवलेल्या वेटोळ्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला, कवटीच्या आत सौम्य वीज निर्माण झाली आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. कातडीला टाचणीही लागली नाही. हेच वेटोळे डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीचे केंद्र आहे तिथे धरले, तर डोळे मिटलेल्या माणसाला उजेडाची ठिणगी दिसते. असे ठोके ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा दिले, तर मेंदूचा तो भाग काही काळ जास्त जागा होतो किंवा शांत होतो.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट हेस, बेंजामिन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी हे आळशी डोळ्याच्या प्रौढांवर करून पाहिले. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. दृष्टीच्या केंद्राला ठोके दिल्यावर आळशी डोळ्याला फिक्या, बारीक रेघा आधीपेक्षा बऱ्या दिसू लागल्या. पंचवीस-तीस-चाळीस वर्षांच्या माणसांत! बातमी मोठी होती. पण परिणाम थोडाच काळ टिकला आणि नजर पूर्वीच्या जागी आली. पुढे २०१३ मध्ये त्याच गटाने ठोक्यांची लय बदलून पाच दिवस रोज उपचार दिला, तेव्हा काहींमध्ये सुधारणा ७८ दिवसांपर्यंत टिकलेली दिसली. माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दुसरी पद्धत विजेची. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावतात आणि पंधरा-वीस मिनिटे एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह सोडतात. आपल्या मोबाईलचा साधा चार्जर दोन अँपिअर देतो, त्याच्या हजाराव्या भागाइतका हा प्रवाह. अंगाला बारीक मुंग्या येतात, बाकी काही जाणवत नाही. २०१३ मध्येच चीनच्या ग्वांगझू शहरात १६ प्रौढांवर एक प्रयोग झाला. त्यांना टेट्रिससारखा, वरून ठोकळे पडण्याचा खेळ दिला. काही ठोकळे एकाच डोळ्याला दिसत, काही दुसऱ्याला, आणि चांगल्या डोळ्याचे ठोकळे मुद्दाम फिके केलेले. दोन्ही डोळ्यांनी मिळून काम केल्याशिवाय खेळ पुढे जाणारच नाही अशी रचना. खेळासोबत डोक्याला तो सौम्य प्रवाह दिला तेव्हा अंतर ओळखण्याची क्षमता नुसत्या खेळापेक्षा जास्त सुधारली.

या कल्पनेचे आम्हाला फार अप्रूप वाटते. पट्टी बोलक्या मुलाला गप्प बसवते. इथे दोघांना जोडीने फळ्यावर बोलावून एकच गणित सोडवायला दिले आहे. कोणत्याही शिक्षकाला हे पटेल.

पण पटणे आणि सिद्ध होणे वेगळे. त्या ठोकळ्यांच्या खेळाचेच बघा. सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांत तो उत्तम ठरला. मग मुले आणि प्रौढ मिळून ११५ जणांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. निम्म्यांना खरा खेळ दिला, निम्म्यांना तसाच दिसणारा पण उपचाराचा गुण काढून घेतलेला. घरी नेऊन रोज खेळायचे. शेवटी दोन्ही गटांच्या नजरेत फरक निघाला नाही. मेंदूला ठोके किंवा प्रवाह देण्याचे प्रयोग अजून इतक्या माणसांवर, इतक्या कडक पद्धतीने पारखले गेलेले नाहीत. जे झाले ते दहा-वीस माणसांचे, काही दिवसांचे. फिक्या रेघा ओळखणे सुधारते. भिंतीवरच्या तक्त्यातील दोन ओळी खालपर्यंत वाचता येणे आणि ते वर्षानुवर्षे टिकणे, हे अजून कोणी दाखवून दिलेले नाही. भरतीच्या डॉक्टरसमोर तक्ता वाचायचा असतो.

शिवाय लुटुपुटीच्या उपचाराचा मुद्दा आहे. डोक्याला यंत्र लावले, तज्ज्ञ मंडळी भोवती उभी आहेत, टकटक आवाज येतो आहे. मग माणूस तक्ता जरा जोर लावून वाचतो. एक ओळ जास्त वाचतोही. म्हणून प्रामाणिक प्रयोगात निम्म्या लोकांना यंत्र लावतात पण चालू करत नाहीत, आणि कोणाचे चालू होते हे तपासणाऱ्यालाही सांगत नाहीत. व्हिडिओत "मला फरक पडला" म्हणणारा माणूस खोटे बोलत असेलच असे नाही. पण त्याच्या म्हणण्यावरून काही ठरत नाही.

आता जी गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत ती सांगतो. मेंदू आळशी डोळ्याचे चित्र दाबून टाकतो, त्यात त्या माणसाची एक सोयही असते. तिरळ्या माणसाचे दोन डोळे दोन दिशांना बघतात. दोन्ही चित्रे एकाच वेळी जाणवली तर त्याला एका रस्त्याचे दोन रस्ते, समोरून येणाऱ्या एका रिक्षाच्या दोन रिक्षा दिसतील. मेंदूने एक चित्र दाबले म्हणून तो नीट चालतो आहे. मोठ्या वयात हे दाबणे सैल केले आणि दोन चित्रे जुळवण्याची क्षमता मात्र आली नाही, तर एकाचे दोन दिसणे कायमचे मागे लागू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना हा धोका चांगला माहीत आहे. म्हणूनच प्रौढांना असे व्यायाम देण्याआधी ते खास तपासणी करतात. मेंदूचे यंत्र हाती असलेला, पण डोळ्यांचे शिक्षण नसलेला माणूस ती तपासणी करणार नाही. सत्तावीस वर्षांच्या मुलाला आज एका डोळ्याने स्वच्छ दिसते आहे. ते गमावून बसण्याइतकी मोठी आशा अजून या यंत्रात नाही.

यंत्र स्वतः बनावट नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी चुंबकाच्या उपचाराला मंजुरी दिली आणि आपल्याकडेही मोठ्या शहरांतील मानसोपचार विभागांत तो दिला जातो. म्हणजे दवाखाना खरा, यंत्र खरे, डॉक्टरही खरे असू शकतात. तरी आळशी डोळ्यासाठी त्याचा वापर सिद्ध झालेला उपचार नाही. ज्यांना मिरगी येते, डोक्यात धातूची पट्टी किंवा कानात बसवलेले श्रवणयंत्र आहे, छातीत पेसमेकर आहे, त्यांनी चुंबकापासून दूरच राहावे. क्वचित एखाद्याला या ठोक्यांनी आकडी येऊ शकते. आणि ऑनलाइन मिळणारी स्पंजाची यंत्रे घरी आणून, किंवा बॅटरीला तारा जोडून, भावंडांच्या डोक्यावर प्रयोग करू नयेत. कातडी भाजते. हे लिहायची गरज नसावी असे वाटते, पण विचारणा झाली आहे.

खरे संशोधन आणि पॅकेज यांत फरक कसा ओळखावा? प्रयोगाचा उपचार असेल तर त्याचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. त्याला संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, तुमच्या भाषेत लिहिलेले संमतिपत्र तुमच्या हातात दिले जाते, आणि त्या प्रयोगाची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि इंटरनेटवर कोणालाही बघता येते. फोनवर एवढेच विचारा: "याचा नोंदणी क्रमांक काय?" समोरचा सवलतीचे बोलू लागला तर फोन ठेवून द्या. प्रत्येक आजाराला इलाज आहे आणि इलाज करावा ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. तिचा आधार घेऊन कोणी काहीही विकू लागले तर ते आपण चालवून घ्यायचे कारण नाही.

मग त्या मुलाने काय करावे? सर्वांत आधी चांगल्या नेत्ररुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात जाऊन दोन्ही डोळ्यांचा नंबर नव्याने काढावा. "त्या डोळ्याचा उपयोग नाही" म्हणून त्याचा नंबर वर्षानुवर्षे काढलेलाच नसतो. योग्य भिंग मिळाले तर काही प्रौढांना तेवढ्यानेही थोडे बरे दिसते. डोळा तिरळा असेल तर तो सरळ करण्याची शस्त्रक्रिया मोठेपणीही होते. तिने आळशीपणा जात नाही, पण लोक बोलताना कोणत्या डोळ्याकडे बघावे म्हणून गोंधळत नाहीत. ही गोष्ट छोटी नाही. तिरळेपणावरून हाक मारली गेलेली मुले आम्ही रोज बघतो.

आणि चांगला डोळा जपावा. याची काळजी आम्हाला त्या यंत्रापेक्षा जास्त वाटते. इंग्लंडमधला २००२ चा अभ्यास सांगतो की आळशी डोळा असलेल्या माणसाला चांगल्या डोळ्याची नजर गंभीरपणे गमावण्याचा धोका आयुष्यभरात शंभरात एकाहून थोडा जास्त असतो. दोन डोळेवाल्याचा एक गेला तर एक उरतो, याचा गेला तर अंधार होतो. आता आपल्या घरांतले कामधंदे बघा. वेल्डिंग, ग्राइंडर, गॅरेज, सुतारकाम, भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग. उडालेली एक कीस पुरते. अशा तरुणाने काम करताना न फुटणाऱ्या, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा लावावा, नंबर असो वा नसो. त्याची किंमत दागिन्याच्या जवळपासही नाही. क्रिकेट खेळताना, मोटारसायकलवर, फटाके उडताना तोच नियम. मधुमेह असेल तर दर वर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

लग्नाच्या बोलण्यात हा विषय लपवतात, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आमच्या मते सरळ सांगावे. संसार, नोकरी, स्वयंपाक, बाळंतपण यांत याचा काही अडसर नाही. सांगायचे दुसरे कारण मुलांशी जोडलेले आहे: तिरळेपणा आणि नंबरातला फरक घराण्यात चालत येऊ शकतो, त्यामुळे आईला किंवा वडिलांना आळशी डोळा असेल तर मुलांचे डोळे लवकर तपासावे लागतात. लपवलेल्या गोष्टीची तपासणी कोण करणार?

पत्राच्या शेवटी त्या भगिनींनी जाता जाता लिहिले आहे की नात तीन वर्षांची झाली, फार चुणचुणीत आहे, टीव्ही जवळून बघते. भगिनी, मुलाच्या आधी नातीला घेऊन जा. याच आठवड्यात जा. मूल बोलत नाही, अक्षरे येत नाहीत, म्हणून डोळे तपासता येत नाहीत असे नसते. बाहुलीत थेंब टाकून डॉक्टर नंबर काढतात. सत्तावीसव्या वर्षी जगातल्या प्रयोगशाळा ज्यासाठी धडपडत आहेत, ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी चष्मा आणि चिकटपट्टीने होते.

शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, अंगणवाड्यांतही जाते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मकतबमध्ये शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांना आणि बाजींनाही एक विनंती आहे. मूल मान वाकडी करून सबक वाचते, एक डोळा मिटते, उन्हात एकच डोळा बारीक करते, हे तुम्हाला सर्वांत आधी दिसते. खेळ म्हणून दोन्ही डोळे आळीपाळीने हाताने झाकून बघा. एक डोळा झाकल्यावर मूल शांत बसते आणि दुसरा झाकताच हात ढकलून देते, रडते, तर पालकांना बोलावून सांगा.

पट्टीविषयी थोडे. मध्यम दोष असेल तर दिवसाला दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असे २००३ च्या अभ्यासात दिसले. त्यामुळे मुलाला शाळेत पट्टी लावून पाठवायलाच हवे असे नाही. डॉक्टरांना विचारून घरी, चित्रे रंगवताना, मणी ओवताना, तांदूळ निवडताना लावता येते. पट्टी चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल कडेने बघते, ती डोळ्यावर चिकटवायची असते. मूल पट्टी सहन करत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब टाकून त्याची जवळची नजर काही काळ धूसर करण्याचा मार्गही आहे, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मात्र नाही. घरात मोठी माणसे म्हणतात, "चांगला डोळा कशाला झाकता, तोही जाईल." ठरलेल्या वेळापुरती पट्टी लावून आणि नेमाने तपासणीला जाऊन तो जात नाही. कोणी म्हणते नजर लागली आहे, तावीज बांधा. दुआ आपण करतोच, करावीच. दोन तासांची पट्टी तरीही लावावी लागते, आणि ती सुरू असताना अम्मीने शेजारी बसावे लागते, नाहीतर ती पाच मिनिटांत सोफ्याखाली सापडते.